वाचकांचे प्रश्न : हिब्रू सॅन्स, 'हाइम' आणि दालेतचा कोपरा

प्रश्न : तेल अवीवची 1930 ते 1960 या काळातली पोस्टरं पाहिली की त्यांवर एकाच धाटणीची जाड, चौकोनी हिब्रू अक्षरं दिसतात. हा एकच टाइप आहे का? तो कोणी केला? (उपयोजित कलेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बऱ्याचदा तो 'हाइम' असतो, नाहीतर 'हाइम'च्या वळणावर हाताने रंगवलेली अक्षरं असतात. गंमत म्हणजे हा टाइप तेल अवीवचा नाही, वॉर्साचा आहे. यान लेविट या पोलिश ज्यू चित्रकाराने तो 1929 साली केला आणि वॉर्साच्याच इद्झकोव्स्की या टाइप फाउंड्रीने त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतले. लेविटचा जन्म 1907चा, चेन्स्टोहोवा गावातला. म्हणजे टाइप निघाला तेव्हा तो ऐन बाविशीत होता. पुढे 1933 पासून त्याने जॉर्ज हिम याच्याबरोबर 'लेविट-हिम' या नावाने काम केलं. 1937 साली दोघं लंडनला गेले आणि ब्रिटिश पोस्टरकलेत त्यांनी मोठं नाव कमावलं. 1951च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये बॅटर्सीला उभं राहिलेलं गिनेसचं यांत्रिक घड्याळ याच जोडीचं. ही सगळी कामं आठवणाऱ्यांनाही हिब्रू छपाईतला सर्वांत जास्त वापरला गेलेला एक टाइप लेविटचा आहे हे बहुधा माहीत नसतं, याचं आम्हाला वाईट वाटतं.

'हाइम'मध्ये लेविटने तीन गोष्टी केल्या. पारंपरिक हिब्रू अक्षरात आडवी रेघ जाड आणि उभी बारीक असते. त्याने दोन्ही एकाच जाडीच्या केल्या. छपराच्या, म्हणजे अक्षराच्या वरच्या आडव्या रेघेच्या, डाव्या टोकाला असणारं टोकदार वळण, म्हणजे हिब्रूचा सेरिफ, त्याने उडवला (असा बिनसेरिफचा टाइप म्हणजे सॅन्स). आणि वक्ररेषा जवळजवळ सगळ्या काढून सरळ रेघा, चौकोन आणि तिरके काप एवढ्यावर काम भागवलं. उरलं ते भरघोस काळं, भिंतीवर दुरून दिसणारं अक्षर. त्या वेळच्या पॅलेस्टाइनमध्ये नाटकांच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रकं, दुकानांच्या पाट्या आणि रोजची वर्तमानपत्रं यांना ठळक मथळ्याचा टाइप हवाच होता. 'हाइम' त्या जागी अचूक बसला. त्याच्या नकला आणि सुधारित आवृत्त्याही निघाल्या. त्यामुळे जुन्या छापील मजकुरातला 'हाइम' एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. अभ्यासासाठी नमुने गोळा करताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर एकाच अक्षराची दोन रूपं पाहून दोन वेगळे टाइप धराल.

तो काय करू शकत नाही तेही सांगायला हवं. मजकुराच्या आकारात, म्हणजे 9-10 पॉइंटला, पूर्ण परिच्छेद 'हाइम'मध्ये लावला तर डोळा पाच ओळींत थकतो. सगळी अक्षरं सारख्याच काळ्या ठोकळ्यांसारखी दिसू लागतात. हा मथळ्याचा टाइप आहे आणि तसाच वापरावा.

प्रश्न : 'हाइम'च्या आधी हिब्रूत सॅन्स नव्हताच का? (टाइपोग्राफीचे अभ्यासक, नागपूर)

उत्तर : होता, पण त्याचा स्वभाव वेगळा होता. लाइपझिगमधले राफाएल फ्रांक (1867–1920) हे सिनेगॉगमधले प्रार्थना-गायक. त्यांनी रूल फाउंड्रीसाठी 1908च्या सुमारास 'फ्रांक-रूल' हा सेरिफ असलेला टाइप केला. हिब्रू पुस्तकांचा मजकूर आजही मोठ्या प्रमाणावर त्यात किंवा त्याच्या वारसांमध्ये छापला जातो. 'मिर्याम' या टाइपचं श्रेयही फ्रांक यांनाच दिलं जातं. रूल फाउंड्री बर्थोल्ड या दुसऱ्या फाउंड्रीने घेतली आणि 1924 साली बर्थोल्डने हिब्रू टाइपांचं देखणं कॅटलॉग काढलं. 'मिर्याम' त्या कुटुंबातला. तो एकाच जाडीच्या सडपातळ रेघेचा आणि गोलाई राखणारा. पातळ निबने सावकाश लिहिल्यासारखं त्याचं रूप आहे. 'हाइम'मधली ठाम भूमिती त्यात शोधू नका.

दुसरी वाट पोस्टर रंगवणाऱ्यांची. बुडापेस्टहून 1925 साली तेल अवीवला आलेले पेसाख इर-शाय यांनी पोस्टरांवर हाताने काढलेली नवी, भौमितिक हिब्रू अक्षरं आणली. खिळे ओतले जाण्याआधी अक्षराची चव लोकांना अशा हातांनी लावलेली असते. 'हाइम' आला तेव्हा तेल अवीवचा डोळा त्यासाठी तयार होता. 1930च्या दशकात तुव्हिया अहारोनी यांचा 'अहारोनी' आला. तोही जाड आणि बिनसेरिफचा, पण 'हाइम'पेक्षा मऊ. विंडोजमुळे तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेला असेल.

प्रश्न : हिब्रू येत नाही, पण लोगोसाठी सॅन्स हिब्रू अक्षरं काढायची आहेत. सेरिफ काढून रेघ एकसारखी केली की झालं, असं वाटलं होतं. क्लायंट म्हणतो, "वाचता येत नाही." कुठे चुकतं? (ग्राफिक डिझायनर, ठाणे)

उत्तर : नेमकं तिथेच चुकतं. सेरिफ आणि जाड-बारीक रेघ काढली की हिब्रूतली अनेक अक्षरं एकमेकांत मिसळतात. हिब्रूत 22 मूळ अक्षरं आणि शब्दाच्या शेवटी येणारी 5 वेगळी रूपं. त्यातली निम्मी तरी कुणा ना कुणाशी गल्लत करणारी आहेत. 'हाइम'पासून आजपर्यंत प्रत्येक चांगल्या हिब्रू सॅन्सचं खरं काम या जोड्या सोडवणं हेच राहिलं आहे. म्हणून या जोड्या नीट पाहून घ्या.

दालेत आणि रेश : दोन्हींना वर आडवं छप्पर आणि उजवीकडे एक उभा पाय. दालेतचं छप्पर पायाच्या उजवीकडे थोडं बाहेर निघतं आणि कोपरा टोकदार असतो. रेशचा कोपरा गोल असतो, बाहेर काहीच निघत नाही. सॅन्समध्ये दालेतचं ते बाहेर आलेलं टोक 'सेरिफ आहे' म्हणून कापलं की दालेतचा रेश होतो. तोरातल्या (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ) 'शमा' या श्रद्धावचनात 'एखाद' म्हणजे 'एक' हा शब्द दालेतने संपतो. तिथे रेश वाचला तर शब्द 'अखेर' होतो आणि अर्थ 'दुसरा'. ईश्वर एक आहे म्हणायचं तिथे भलतंच होईल, म्हणून त्या जागी तोराच्या गुंडाळीत लिपिक दालेत मोठा काढतात. एवढ्या जुन्या काळापासून माहीत असलेला हा धोका आहे.

बेत आणि काफ : बेतची तळाची रेघ उजवीकडे उभ्या रेघेच्या पलीकडे जाते, काफची जात नाही, काफ गोलसर वळतो. हे, खेत आणि ताव : 'हे'चा डावा पाय छपराला टेकत नाही, मध्ये फट असते. खेतचा पाय छपराला चिकटलेला. तावचा पाय चिकटलेला, पण खाली डावीकडे वळून पाऊल टाकतो. सामेख आणि अंत्य मेम : दोन्ही बंद. सामेख खाली गोल, अंत्य मेम चौकोनी. गिमेल आणि नून : गिमेलला खाली दोन पाय फुटतात, नून तळाला सरळ पट्टी टाकतो. वाव, झायिन आणि अंत्य नून : वावची मान फक्त डावीकडे, झायिनचं छप्पर दोन्ही बाजूंना, अंत्य नून ओळीच्या खाली उतरतो.

आता रेघेच्या जाडीचं. लॅटिन सॅन्स काढणाऱ्याचा हात आडवी रेघ उभीपेक्षा किंचित बारीक ठेवायला सरावलेला असतो, नाहीतर ती डोळ्याला जाड भासते. हिब्रूत तीच सवय अक्षर बिघडवते. हिब्रू वाचकाच्या डोळ्याला आडव्या रेघेचं वजन अपेक्षित असतं. आडवी रेघ उभीइतकीच किंवा तिच्यापेक्षा 5 ते 8 टक्के जाड ठेवून सुरुवात करा आणि छापून पाहा. उंचीतही अशीच गफलत होते. हिब्रूत कॅपिटल-स्मॉल भेद नाही. शेजारी लॅटिन असेल तर हिब्रूची उंची लॅटिनच्या स्मॉल आणि कॅपिटल यांच्या मधोमध कुठेतरी बसवा. स्मॉल एक्सची उंची 500 युनिट आणि कॅपिटलची 700 असेल तर हिब्रू 580 ते 620 ठीक दिसतं. कॅपिटलइतकी उंची दिली तर हिब्रू ओरडल्यासारखं वाटतं, एक्सइतकी दिली तर खुजं. छपराच्या वर फक्त लामेद जातो. तो आखडून कापू नका. ओळीत डोळा त्याच्यावरच टेकून पुढे सरकतो.

चाचणी सोपी आहे. दालेत-रेश, बेत-काफ, हे-खेत, गिमेल-नून, सामेख-अंत्य मेम अशा जोड्या शेजारी शेजारी लावा, 8 पॉइंटला साध्या लेझर प्रिंटरवर काढा आणि हिब्रू वाचणाऱ्या माणसाला एकेक अक्षर झाकून विचारा. दोनदा अडखळला तर ती जोडी परत काढायची.

प्रश्न : इस्रायल स्थापन झाल्यानंतर सॅन्समध्ये काय नवीन घडलं? (वाचक, बेळगाव)

उत्तर : इथे टाइप कुटुंबाची कल्पना आली. 'हाइम' एकटा, एकाच वजनाचा. ब्रेस्लाउमध्ये जन्मलेले इस्मार डेव्हिड यांचा 'डेव्हिड' 1954 साली इंटरटाइप या अक्षरजुळणी-यंत्रांच्या कंपनीसाठी निघाला. त्यांची मूळ योजना फार मोठी होती: साधं, तिरपं-लपेटीचं आणि एकाच जाडीचं, अशी तीन रूपं, प्रत्येक तीन वजनांत. सॅन्स रूप त्याच हाताच्या सेरिफ रूपाशी नातं सांगतं, ही हिब्रूसाठी नवी गोष्ट होती. आज 'डेव्हिड' म्हणून जो कॉम्प्युटरवर दिसतो तो या योजनेचा एक तुकडा आहे.

रुमानियात जन्मलेले झ्वी नार्किस (1921–2010) यांनी 'नार्किस ब्लॉक' आणि पुढे 'नार्किस ताम' केले. मथळ्यापासून मजकुरापर्यंत चालेल असा सॅन्स देण्याचं श्रेय आम्ही सर्वांत आधी त्यांना देऊ. आशेर ओरोन यांचा 'ओरोन' 1966चा. तो 'युनिव्हर्स' या लॅटिन सॅन्सच्या जोडीला बसावा म्हणून आखलेला आहे. दोन लिप्यांचं एकच पान सुसंगत दिसावं हा आज नेहमीचा विचार त्या काळात ताजा होता.

प्रश्न : जुनी वर्ड फाइल उघडली की 'अहारोनी' आणि 'मिर्याम' गायब होतात आणि ओळी फुटतात. नवीन लॅपटॉपवर हे फॉन्ट कुठे गेले? (ट्रॅव्हल एजन्सी चालवणारे, मुंबई)

उत्तर : विंडोज 10 पासून ते आपोआप बसत नाहीत, मागवावे लागतात. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा, 'अ‍ॅड अ फीचर' किंवा 'व्ह्यू फीचर्स' दाबा आणि 'हिब्रू सप्लिमेंटल फॉन्ट्स' निवडा. इंटरनेट चालू हवं. अहारोनी, डेव्हिड, फ्रांक-रूल, गिशा, लेवेनिम, मिर्याम, मिर्याम फिक्स्ड, नार्किसिम आणि रॉड हे सगळे एकदम येतात. मग वर्ड बंद करून पुन्हा उघडा. एक लक्षात घ्या : विंडोजचा अहारोनी फक्त ठळक वजनात येतो. त्यावर पुन्हा 'बी' दाबलं तर अक्षर आणखी फुगू शकतं आणि 'हे'ची फट बुजते. समोरच्याकडे फाइल जायची असेल तर पीडीएफ पाठवा.

प्रश्न : आईच्या कबरीच्या दगडावर मराठी आणि हिब्रू दोन्ही मजकूर कोरायचा आहे. कारागिराला हिब्रू येत नाही. सॅन्स अक्षर निवडावं का, आणि काय तपासावं? (वाचक, अलिबाग)

उत्तर : निवडा, ग्रॅनाइटवर सॅन्स चांगलं उठतं. बारीक उभ्या रेघा असलेलं सेरिफ अक्षर वाळूच्या माऱ्यात किंवा हातोडीखाली कोपऱ्यांवर उडतं. एकसारखी रेघ टिकते. पण वर सांगितलेल्या जोड्या दगडावर सर्वांत महाग पडतात, कारण दगड खोडता येत नाही.

तुमच्या मजकुरात नेहमीप्रमाणे वर पे-नून ही दोन अक्षरं ('येथे पुरलं आहे' याची आद्याक्षरं) येतील आणि शेवटी ताव, नून, त्सादी, बेत, हे ही पाच (आत्म्यासाठीच्या प्रार्थनावाक्याची आद्याक्षरं). या पाचांत नूनचा गिमेल, बेतचा काफ आणि हेचा खेत होण्याची सोय आयतीच आहे. त्याहून नाजूक असतं हिब्रू वर्ष, कारण ते अक्षरांनीच लिहितात. 5784 हे वर्ष (सप्टेंबर 2023 ते ऑक्टोबर 2024) दालेतने संपतं. 5785 हेने संपतं आणि 5788 खेतने. म्हणजे 'हे'ची फट बुजली तर वर्ष तीनने पुढे सरकतं. दालेतचं टोक उडालं तर 4च्या जागी 200 मूल्याचा रेश बसतो आणि वर्षच निरर्थक होतं. शेवटच्या अक्षराच्या आधी दोन छोट्या तिरक्या रेघांचं 'गेर्शायिम' हे चिन्ह लागतं. तेही नमुन्यात आहे ना पाहा.

दगडवाल्याशी बोलताना आकडे द्या. अक्षराची उंची किमान 25 मिलिमीटर ठेवा आणि 'हे'ची फट रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी नको, असं स्पष्ट लिहून द्या. वाळूच्या माऱ्यासाठी दगडावर रबर किंवा व्हिनाइलचं स्टेन्सिल चिकटवतात. 'हे'च्या फटीत उरणारी स्टेन्सिलची अरुंद पट्टी माऱ्याखाली सुटली तर फट खोदली जाते आणि अक्षर खेत दिसतं. सामेख आणि अंत्य मेम यांच्या पोटातला तुकडा सुटा असतो. स्टेन्सिल उचलताना तो वेगळा राहून हरवला की पूर्ण अक्षर खड्डा होतं. म्हणून ट्रान्स्फर टेप लावून सगळं एकत्र उचलायला सांगा आणि मारा सुरू होण्यापूर्वी चिकटवलेल्या स्टेन्सिलचा फोटो मागवून हिब्रू वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. कागदावरचा नमुना मंजूर करून थांबू नका. चुका स्टेन्सिलवरच होतात.

मराठीशी जुळणी सोपी आहे, आणि याचं आम्हाला फार अप्रूप आहे. देवनागरीची शिरोरेषा आणि हिब्रू अक्षरांची छपरं, दोन्ही वरच्या आडव्या रेघेला धरून असतात. दोन्ही लिप्या एकाच ओळीत आल्या तर शिरोरेषा आणि छप्पर एका पातळीत आणा, तळ जुळवायच्या मागे लागू नका. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतर मराठीच्या गरजेने ठरवा, हिब्रू त्यात सुखाने मावतं. मुक्तासारखा एकसारख्या रेघेचा देवनागरी टाइप हिब्रू सॅन्सशेजारी शोभतो. हिब्रू आणि मराठी एका पानावर आणण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मुंबईत 1846 साली शिळाछापावर निघाला आणि पुण्यातही 1874 साली सचित्र हगादा छापला गेला. शिळाछापाला हिब्रू खिळ्यांची गरज नव्हती, हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उमटत असे.

प्रश्न : डिझाइनमध्ये हिब्रू पेस्ट केलं की अक्षरं उलटी होतात असं ऐकलं आहे. हिब्रू न येणाऱ्याने ते कसं ओळखावं? शिवाय मोफत, चांगला हिब्रू सॅन्स कोणता? (डीटीपी ऑपरेटर, कोल्हापूर)

उत्तर : ओळखायची खूण अंत्य रूपांत आहे. काफ, मेम, नून, पे, त्सादी यांची शेवटची रूपं शब्दाच्या शेवटीच येतात, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे जातं, म्हणून ती शब्दाच्या डाव्या टोकाला दिसली पाहिजेत. सर्वांत सोपं अंत्य मेम, पूर्ण बंद चौकोन. 'शालोम' लावून पाहा : चौकोन डावीकडे असेल तर बरोबर, उजवीकडे असेल तर ओळ उलटली आहे. उलटलेली ओळ हाताने एकेक अक्षर हलवून दुरुस्त करू नका, कंस आणि आकडे वेगळेच बिघडतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा. देवनागरीची जोडाक्षरं नीट यायलाही तोच लागतो. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या परिच्छेदाची बटणं हवी असतील तर क्रिएटिव्ह क्लाउडच्या सेटिंगमध्ये 'इंग्लिश, हिब्रू सपोर्ट' ही भाषा निवडून इनडिझाइन पुन्हा बसवावं लागतं. अंतिम फाइल छापखान्याला देताना अक्षरांच्या आउटलाइन करा, पण मूळ फाइल जपून ठेवा.

मोफत टाइपांत मजकुरासाठी 'हीबो' (ओदेद एझेर यांनी 'रोबोटो'ला दिलेलं हिब्रू) किंवा 'असिस्टंट' (बेन नाथान) घ्या. मिखाल साहार यांचा 'मिर्याम लिब्र' जुन्या 'मिर्याम'चा नवा अवतार आहे. तो मोठ्या आकारात जास्त खुलतो. 'रुबिक' गोलसर कोपऱ्यांचा, पाट्यांना चांगला. मजकुरात निकुद म्हणजे स्वरचिन्हं असतील तर आधी लामेद, अंत्य काफ आणि दागेश (अक्षराच्या पोटातला ठिपका) असलेला शिन अशी तीन अक्षरं चिन्हांसह लावून पाहा. चिन्ह आपल्या अक्षराजवळ न राहता (बहुतेक चिन्हं अक्षराखाली मध्यभागी येतात, अंत्य काफचं चिन्ह मात्र त्याच्या पोटात बसतं) पुढच्या अक्षराकडे सरकलं, तर तो टाइप निकुदसाठी वापरू नका.